टेकडीवरचा हिरवा रंग

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्यात "टेकडीवर जाऊन येतो" एवढं म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही. तळजाई, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, बाणेर-पाषाणची टेकडी, प्रत्येकाची आपली एक ठरलेली असते. पण ज्या वाटेने आपण चढतो, तिच्या डाव्या हाताची जमीन वनखात्याची आणि उजव्या हाताची एखाद्या शेतकरी कुटुंबाची असू शकते, हे चालताना कळत नाही. वनखात्याच्या जमिनीला वनकायद्याचं कवच आहे. खासगी जमीन कशी वाचवायची, हा महापालिकेपुढचा खरा प्रश्न. आज त्याबद्दलच बोलू.

आधी दोन शब्दांतला फरक ध्यानात घ्या: झोन आणि आरक्षण. विकास आराखड्यात जमीन "डोंगरमाथा-डोंगरउतार" झोनमध्ये दाखवली, तर ती मालकाचीच राहते, फक्त तिथे काय करता येईल यावर बंधन येतं. आरक्षण म्हणजे ही जमीन सार्वजनिक कामासाठी महापालिका ताब्यात घेणार, असं सांगून ठेवणं. नकाशावर दोन्हीकडे हिरवी छटा दिसते, म्हणून लोकांची गल्लत होते.

उताराचा नियम सरळ आहे. 1:5 पेक्षा जास्त चढ असेल तर बांधकाम नाही. म्हणजे पाच मीटर आडवं गेल्यावर एक मीटरहून जास्त उंची वाढत असेल तर. अंदाज घरच्या घरी घेता येतो. पाच मीटरची दोरी घ्या, एक टोक वरच्या बाजूला जमिनीला टेकवा, दुसरं टोक खालच्या बाजूला ताणून धरा आणि गवंड्याच्या पाण्याच्या नळीने दोरी समपातळीत आणा. खालच्या टोकापासून जमीन एक मीटरहून खोल असेल तर उतार नियमात बसत नाही. कागदोपत्री अर्थातच मोजणीदाराने आखलेल्या समोच्च रेषाच, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषाच, धरतात. आणि पळवाटही इथेच सापडते. पायथा आधी पोकलेनने सपाट करायचा आणि मग मोजणी मागवायची! म्हणून जुने नकाशे आणि जुनी उपग्रहछायाचित्रं जपून ठेवणं फार महत्त्वाचं.

आता पुण्याचं प्रकरण. 1997 साली हद्दवाढ झाली आणि तेवीस गावं महापालिकेत आली. त्यांच्या आराखड्यात टेकड्यांवरची 978 हेक्टर जमीन जैववैविध्य उद्यानासाठी, म्हणजे लोक ज्याला बीडीपी म्हणतात त्यासाठी, राखण्याचं ठरलं. चार टक्के बांधकामाला मुभा द्यायची की अजिबात नाही, यावर वर्षानुवर्षं वाद चालला. 2015 मध्ये राज्य सरकारने बांधकाम शून्य ठेवलं आणि मालकांना मोबदला म्हणून आठ टक्के टीडीआर देऊ केला.

घोडं अडलं ते इथे. टीडीआर म्हणजे दुसरीकडे बांधकाम करण्याचा हक्क, तो विकताही येतो. बीडीपीतली शंभर चौरस मीटर जमीन दिली की आठ चौरस मीटरचा हक्क मिळतो. दाट वस्तीबाहेरच्या साध्या आरक्षणात, समजा शाळेच्या किंवा बागेच्या, तेवढ्याच जमिनीला दोनशे मिळतो. टेकडीवर तसंही बांधता येत नव्हतं, असा युक्तिवाद यावर होतो आणि तो चुकीचा नाही. पण एवढ्यावर सातबारा सोडायला कोण तयार होईल? शिवाय टीडीआरसाठी जमीन बोजाविरहित, मोजणी झालेली आणि मोकळी द्यावी लागते. सातबारावर तीन पिढ्यांची वारसनोंद रखडलेली असेल, तर इच्छा असूनही कागद पुरे होत नाहीत.

आरक्षणाला मुदत असते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966, याचं कलम 127 पाहा. आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक मालकीचे कागद जोडून खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्यासाठीची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण रद्द होतं. नुसता ठराव करणं किंवा जिल्हाधिकाऱ्यांना पत्र पाठवणं याला न्यायालय "पाऊल" मानत नाही. 2015 मध्ये दहा मिळवा आणि हिशेब तुम्हीच करा. अंदाजपत्रकात टेकड्यांच्या संपादनासाठी किती रक्कम ठेवली, हे नगरसेवकाला विचारायचं ते याचसाठी. झाडं लावण्याचे फोटो त्यानंतर.

दरम्यान उतारावर गुंठ्यांचे तुकडे पडतात. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. नोटरी करारावर पैसे घेतले जातात आणि "पुढे नियमित होईल" असं सांगितलं जातं. घेणारा बहुधा कष्टकरी माणूस असतो, फसतो तोच. टोकन देण्याआधी गट नंबर घेऊन महापालिकेतून झोन दाखला आणि आराखड्याचा भाग-नकाशा काढा. दोन्ही कागद एकाच गटाचे आहेत ना, ते जुळवून पाहा. विकणाऱ्याने आणलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका.

डोंगर फोडल्याने काय होतं, ते पुणे-सातारा रस्त्यावर शिंदेवाडीजवळ 6 जून 2013 रोजी दिसलं. उतार तोडताना ओढ्याची वाट बुजवली होती. जोराचा पाऊस झाला, पाण्याला जायला जागा उरली नाही, लोंढा महामार्गावर आला आणि मायलेकी वाहून गेल्या.

अशी तोडफोड दिसली तर तक्रार नेमकी करा. मुरूम-माती उपसली जात असेल तर तहसीलदारांकडे, बांधकाम असेल तर महापालिकेच्या बांधकाम विभागाकडे, वनजमीन असेल तर वनखात्याकडे. सगळ्यांना एकच पत्र पाठवलं की प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. पत्रात गट नंबर, तारीख, वेळ आणि स्थळाची नोंद असलेला फोटो द्या. काम बहुतेक शुक्रवारी संध्याकाळी सुरू होतं, कारण पुढे दोन दिवस कचेऱ्या बंद. पंचनाम्यात खड्ड्याची लांबी, रुंदी आणि खोली लिहून घेतली जाते आहे ना, हे उभं राहून बघा. तीस फूट लांब, वीस फूट रुंद, दहा फूट खोल म्हणजे सहा हजार घनफूट, म्हणजे साठ ब्रास. विनापरवाना उत्खननाला जमीन महसूल संहितेच्या कलम 48 खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड बसतो. "अंदाजे दहा ब्रास" असं लिहिलं गेलं, तर दंडही तेवढ्याचाच.

नवा आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांना ठरावीक मुदत मिळते. आरक्षण बदलायचं असेल तर कलम 37 खाली वेगळी जाहिरात निघते आणि तिला एक महिना. ही जाहिरात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदांच्या गर्दीत असते. हरकत एका पानाची पुरे: गट नंबर, आराखड्यात काय दाखवलंय, जागेवर काय आहे, काय हवंय. पोचशिक्का घ्या आणि सुनावणीला जा. गैरहजर राहिलात तर कागदावर एका ओळीचा शेरा पडतो आणि विषय मिटतो.

एक शेवटचा मुद्दा, काहींना आवडणार नाही. टेकडी म्हणजे उजाड जागा, तिथे झाडं लावा, या समजुतीने टेकड्यांचं बरंच नुकसान केलंय. कुसळीचं गवत, मध्येच एखादी सालई, मेडशिंगी, पळस, हेच या कोरड्या उताराचं रान. त्यावर ओळीने खड्डे खणून गिरिपुष्प, म्हणजे उंदीरमारी, लावली की तिच्या दाट सावलीत गवत मरतं आणि गवतात घरटी करणारे पक्षी निघून जातात. रोपं घेऊन जाण्यापेक्षा फेब्रुवारीत, गवत वाळल्यावर, पायवाटेच्या दोन्ही बाजूंचं गवत कापून जाळरेषा, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून मोकळी पट्टी, काढायला माणसं हवी असतात. विळा, हातमोजे आणि पाण्याची बाटली एवढं पुरतं, आणि सकाळी नऊच्या आत काम उरकतं.

नमस्कार.