जंगलातले भग्नावशेष बघायचेत? आधी भिंतीचा माथा बघा

नमस्कार! निसर्ग उद्यानात पडका किल्ला किंवा मठ दिसला की बहुतेक लोक थेट आत शिरतात, भिंतीला टेकून फोटो काढतात आणि निघतात. तसं करू नका. आधी बाहेरून एक पूर्ण फेरी मारा, आणि नजर भिंतीच्या माथ्यावर ठेवा.

छप्पर गेलं की पावसाचा पहिला मार त्या माथ्यावर बसतो. जाड दगडी भिंतीच्या दोन्ही अंगांना घडीव दगड असतात, पण मधे बरेचदा चुन्यात घातलेल्या दगडगोट्यांची भर असते. पाणी वरून त्या भरीत मुरतं आणि चुना धुऊन नेतं. दर्शनी दगड जागच्या जागी, आत मात्र पोकळी! मग भिंतीला पोट सुटतं. अशी फुगलेली भिंत दिसली की निदान तिच्या उंचीइतकं अंतर ठेवा, दीडपट ठेवलंत तर उत्तम. पायथ्याशी पडलेले दगडही बघा. शेवाळ नसलेले, तुटीचा रंग ताजा असलेले दगड म्हणजे पडझड अलीकडची. मोठा पाऊस होऊन गेला असेल तर भर ओली आणि जड असते, तेव्हा जास्तच जपा.

माथ्यावरचं गवत मात्र उपटू नका. त्याचा पातळ थर पाणी धरून ठेवतो आणि ऊन-थंडीचा तडाखा कमी करतो. काही ठिकाणी संवर्धन करणारे मुद्दाम गवताची चादर घालतात. झाडांची गोष्ट वेगळी. मुळं सांध्यात शिरून जाड होतात आणि दगड ढकलतात. पण झाड तोडणं हा उपाय असतोच असं नाही, कारण मूळ कुजलं की त्याची जागा रिकामी होते आणि भिंत बसते. कंबोडियातलं ता प्रोम मंदिर ११८६ सालचं. तिथली प्रचंड झाडं जाणूनबुजून ठेवलेली आहेत. कुठली मुळं दगड फोडतायत आणि कुठली त्यांना धरून आहेत, हे नुसत्या नजरेनं सांगता येत नाही.

आता खरी गंमत. रिकाम्या भिंतीवर गेलेलं घर वाचता येतं. एका ओळीत, आतल्या बाजूलाच चौकोनी भोकं असली तर तिथे मजल्याच्या तुळया होत्या. भोकं दोन्ही बाजूंना आणि ठरावीक उंचीवर पुन्हा पुन्हा दिसत असतील, तर ती बहुधा बांधकामाच्या परांचीची. वर जाताना भिंत एकदम बारीक होऊन कट्टा उरला असेल, तर त्यावर मजला टेकलेला असणार. आणि अधांतरी लटकलेली शेकोटीची कमान दिसली, तर तुम्ही वरच्या मजल्यावरच्या खोलीकडे खालून बघताय!

हे सगळं भर दुपारी दिसत नाही. सकाळी किंवा उतरत्या उन्हात जा. तिरक्या उजेडात पुसट कोरीवकाम उठून दिसतं, गवताखालच्या जोत्याच्या रेषासुद्धा. अंधाऱ्या खोलीत टॉर्च भिंतीवर सरळ न मारता भिंतीला समांतर धरा.

पायाखालचं सांगतो. आवारात गोल खोलगट जागा, त्यात आजूबाजूपेक्षा दाट हिरवळ, तर खाली बुजलेली विहीर किंवा टाकं असू शकतं. त्यावर पाय नको. दगडांच्या फटीत हात नको, साप तिथेच विसावतात. वटवाघळांची खोली बाहेरूनच बघा, वाळलेल्या विष्ठेची धूळ फुफ्फुसात जाणं वाईट.

वेळेचा हिशेब घरीच करा. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथनं १८९२ साली दिलेला ठोकताळा सोपा आहे: ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. त्यात अवशेष बघायचा वेळ धरलेला नाही, तो निदान दीड तास वेगळा धरा. पाणी माणशी तासाला अर्धा लिटर, कडक उन्हात त्याहून जास्त. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या आणि फोन एअरप्लेन मोडवर टाका. जीपीएस चालू राहतं, बॅटरी वाचते. परतीची वेळ सूर्यास्तावरून उलटी मोजा, कारण झाडीत अंधार अर्धा तास आधीच होतो.