सीएसएमटी ते वानखेडे, पायी

मंडळी, सुट्टीत मुलांना मुंबई दाखवायला निघालेले नाशिककर मला हमखास विचारतात, "वानखेडे आतून बघायला मिळेल का हो?" मी त्यांना सांगतो, वानखेडेला जाच, पण सगळ्यात शेवटी. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने सीएसएमटीला उतरा आणि आधी आझाद मैदानात शिरा.

तिथे बावीस खेळपट्ट्या आहेत, एकमेकींना अगदी खेटून. एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या क्षेत्ररक्षकाला पाठ लावून उभा असतो. नवख्याला चेंडू कुठल्या सामन्याचा तेच कळत नाही, खेळणाऱ्या पोराला मात्र बरोबर कळतं. त्या गर्दीत नजर स्थिर ठेवायला शिकलेला मुलगा पुढे पन्नास हजार लोकांच्या आवाजाने कशाला बिचकेल? फेब्रुवारी १९८८मध्ये हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेच्या सामन्यात सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली, ती याच मैदानावर. दोघेही शाळकरी होते.

मैदानाच्या दक्षिणेला बॉम्बे जिमखाना आहे. भारताच्या भूमीवरची पहिली कसोटी डिसेंबर १९३३मध्ये तिथे झाली आणि लाला अमरनाथांनी पदार्पणातच ११८ धावा केल्या. तो क्लब तेव्हा गोऱ्यांचा होता. त्याच्याही आधी, १८८०च्या दशकात, साहेबांचे पोलोचे घोडे देशी खेळाडूंच्या खेळपट्ट्या तुडवत असत. पारशी मंडळींनी सरकारकडे अर्जांवर अर्ज केले. मरीन ड्राइव्हवर आज पारशी, हिंदू, इस्लाम असे जिमखाने ओळीने दिसतात, त्यांच्या मुळाशी जागेचं हे भांडण आहे.

हिंदू जिमखान्यापाशी मुलांना थांबवा आणि पाळवणकर बंधूंची गोष्ट सांगा. बाळू पाळवणकर चर्मकार समाजातले. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी तेव्हाच्या धर्मवार संघांच्या स्पर्धेत हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. ते मिळालं धाकट्या विठ्ठलला, १९२३ साली, आणि त्या वर्षी हिंदू संघाने ती स्पर्धा जिंकली. काळाराम मंदिराच्या दाराशी १९३०मध्ये दलितांच्या मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह ज्या गावाने पाहिला, त्या आपल्या गावातल्या मुलांना ही गोष्ट ठाऊक असायलाच हवी, असं मला फार वाटतं.

मग चर्चगेटकडे वळा. १९३७ साली उभं राहिलेलं ब्रेबॉर्न हे क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं, म्हणजे सभासदांचं मैदान. ओळखीचा सभासद असेल तर आत जायला मिळेल, नाहीतर बाहेरूनच बघा. तिथल्या कसोट्यांच्या तिकिटांवरून क्लब आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांच्यात बिनसलं, आणि शेषराव वानखेड्यांच्या पुढाकाराने पायी काही मिनिटांच्या अंतरावर दुसरं स्टेडियम उभं राहिलं. जानेवारी १९७५मध्ये तिथे पहिली कसोटी झाली आणि क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा ठोकल्या. २ एप्रिल २०११ची, विश्वचषक जिंकल्याची रात्र तर तुम्हा सगळ्यांना पाठ आहे.

हे सगळं एका दिवसात पायी बघून होतं. या क्रमाने बघितलं की वानखेडेच्या खुर्च्यांमागे ती बावीस खेळपट्ट्यांची धूळ दिसायला लागते. आपल्याकडे मोठ्या स्टेडियमची मागणी होते, ती रास्तच आहे. पण त्याआधी शाळांची मैदानं, वस्तीतल्या मोकळ्या जागा लग्नसमारंभांना आणि गाड्या लावायला देणं थांबवा, असं मी या व्यासपीठावरून कळकळीने सांगतो. पोरं तिथे घडतात. स्टेडियममध्ये ती फक्त दिसतात.

आणि सगळ्यासाठी मुंबईच गाठायला हवी असंही नाही. गोल्फ क्लबवर, म्हणजे आपल्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, महाराष्ट्राचे रणजी सामने होतात. हिवाळ्यात सामना लागला की मुलांना सकाळच्या पहिल्या सत्रालाच न्या आणि सीमारेषेजवळ बसवा. नवा चेंडू थंड हवेत किती हलतो, यष्टिरक्षक किती मागे उभा राहतो, ते टीव्हीवर कळत नाही.