डोक्यावरचं हिम रडारला कसं दिसतं

पावसाळ्यात मुंबईवर साधारण पाच किलोमीटर उंचीवर तापमान शून्याला टेकतं. गडगडाटी ढग त्याच्याही कितीतरी वर चढतात आणि तिथे बर्फ असतो. दादरला छत्रीवर आपटणारे टपोरे थेंब बरेचदा हिमकण म्हणूनच निघालेले असतात, वाटेत वितळतात. मघाशी कुणीतरी हळूच विचारलं, ‘मुंबईकराला हिमाचं काय?’ त्यांच्यासाठी हे.

मुंबईतलं कुलाब्याचं रडार काय किंवा वेरावलीचं काय, पाणी किंवा बर्फ मोजत नाही. ते लहरी सोडतं आणि परत आलेला प्रतिध्वनी मोजतं. हा प्रतिध्वनी थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घातात वाढतो, आणि सगळी गोम इथेच आहे. दोन मिलिमीटरचा एक थेंब आणि एक मिलिमीटरचे चौसष्ट थेंब रडारला सारखेच दिसतात. पाणी मात्र दुसऱ्या ठिकाणी आठपट! पावसात यावर तोडगा निघतो, कारण थेंबांच्या आकारांची वाटणी बऱ्यापैकी ठरलेली असते. मार्शल आणि पामर या संशोधकांनी 1948 मध्ये दिलेलं, प्रतिध्वनीवरून पाऊस काढायचं सूत्र त्यावरच उभं आहे.

हिमाला असली शिस्त नाही. कधी सुटे स्फटिक, कधी एकमेकांत अडकलेले भुसभुशीत पुंजके, कधी साबुदाण्यासारख्या घट्ट गोळ्या. व्यास तोच, वजन भलतंच. त्यात बर्फ लहरी परतवतो पाण्याच्या जेमतेम पाचव्या हिश्शाने. पुंजका वितळू लागला की अंगावर पाण्याचा थर चढतो आणि रडारला तो अवाढव्य थेंब वाटतो. पडद्यावर शून्य अंशाच्या उंचीच्या जरा खाली लखलखीत पट्टा उमटतो. तिथे पाऊस वाढलेला नसतो. नवख्या माणसाला मात्र तो हमखास चकवतो.

मग वजन काढायचं कसं? मला सगळ्यात आवडते ती युक्ती दोन तरंगलांबींची. सहाव्या घाताचा नियम कण लहरीपेक्षा खूप लहान असेल तोवरच चालतो. लहर आखूड केली की मोठे पुंजके नियम मोडतात, त्यांचा प्रतिध्वनी अपेक्षेपेक्षा कमी येतो. लांब लहरीला ते अजून लहानच वाटतात. दोन्ही प्रतिध्वनींतल्या तफावतीतून कणाचा आकार कळतो. म्हणजे नियमाचं मोडणं हेच मोजमाप! 2014 मध्ये सोडलेल्या, पाऊस आणि हिम मोजणाऱ्या जीपीएम उपग्रहावर अशी जोडी आहे, एक लहर सुमारे सव्वादोन सेंटिमीटरची, दुसरी साडेआठ मिलिमीटरची.

आकार कळला तरी घनता उरतेच. तिथे पडण्याचा वेग कामी येतो, कारण पुंजका सेकंदाला मीटरभर उतरतो, घट्ट गोळी त्याहून झपाट्याने. 2024 मध्ये सोडलेला अर्थकेअर उपग्रह हा वेग अवकाशातून मोजतो.

आता हिमालय. कुफरी, मुक्तेश्वरला रडार आहेत, पण समोर डोंगर आला की किरण अडतो, आणि दूर गेलेला किरण उंचावरून जातो. वरून पाहणाऱ्या उपग्रहालाही जमिनीच्या प्रतिध्वनीमुळे शेवटचा किलोमीटरभर थर नीट वाचता येत नाही. त्यामुळे अंगणात किती हिम साचलं हे शेवटी खालच्या मोजपट्टीशी ताडूनच ठरवावं लागतं. आणि उंच डोंगरांत नेमक्या मोजपट्ट्याच विरळ आहेत.