सिलेंडर बाहेर, शेगडी आत: मधली गॅसलाईन कशी असायला हवी

नमस्कार मंडळी! सिलेंडर घराबाहेर ठेवून किचनपर्यंत तांब्याची लाईन ओढतात ना, आज तिच्याबद्दल बोलूया. फोंडा, डिचोली, पेडणे, कुठेही जा, जुन्या चिऱ्यांच्या घरांत लोक हे काम करून घेतायत. करून घ्याच, पण आधी आपल्या गॅस एजन्सीला कळवा, त्यांचाच मेकॅनिक बोलवा, कोणाही प्लंबरला नको. घरगुती सिलेंडर जोडणीसाठी आयएस 6044 भाग 1 हे मानक आहे, त्याप्रमाणे काम करणार का ते विचारा.

आता भिंत. रबरी नळी भिंतीतून नेऊ देऊ नका, कोणी काहीही सांगू दे! ती केशरी सुरक्षा नळी दीड मीटरपर्यंतच, पूर्ण नजरेसमोर, आणि 5 वर्षांनी बदलायची, तारीख नळीवरच छापलेली असते बघा. भिंतीच्या आत तिला चीर गेली किंवा उंदरानं कुरतडली तर तुम्हाला दिसणार कसं? भिंतीतून तांब्याचाच पाईप जायला हवा, तोही थेट सिमेंटमध्ये गाडायचा नाही, आधी भोकात मोठ्या मापाचा पाईप बसवायचा, त्याला स्लीव्ह म्हणतात, आणि त्यातून तांब्याचा अखंड तुकडा न्यायचा, भिंतीत जॉइंट अजिबात नको. स्लीव्हचं आतलं तोंड सीलंटनं बंद, बाहेरचं उघडं, म्हणजे चुकून गळती झाली तरी गॅस बाहेर जाईल. आणि उतार बाहेरच्या बाजूला द्या, नाहीतर आपल्याकडच्या पावसात पाणी सरळ आत येईल.

जॉइंट ब्रेझिंगचे हवेत, म्हणजे खूप जास्त तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूनं जोडलेले. कथलाचं साधं सोल्डर आगीत लवकर वितळतं, मग लाईनच सुटते. क्लॅम्प लोखंडी नकोत, समुद्राच्या खाऱ्या दमट हवेत तांब्याला टेकलेलं लोखंड फार लवकर गंजतं, पितळेचे लावा. गॅस बंद करायचा एक कॉक सिलेंडरजवळ, एक शेगडीजवळ हात पोचेल असा. सिलेंडर उभाच, सावलीत, आणि शेजारी गटाराचं तोंड किंवा तळघराची खिडकी नको, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो खाली उतरून खोलगट जागेत साचतो.

काम झालं की लगेच गॅस सोडायचा नाही. आधी हवा भरून गेजवर दाब टिकतोय का ते तुमच्यासमोर दाखवायला लावा. मग गॅस सोडून प्रत्येक जॉइंटला साबणाचं पाणी. रेग्युलेटरनंतरचा दाब जेमतेम 30 मिलिबार असतो, बारीक गळतीचा आवाजसुद्धा येत नाही, बुडबुडे मात्र दिसतात. काडी पेटवून बघणारा मेकॅनिक असेल तर त्याला तिथेच थांबवा, प्लीज.

आणि हे खास चवथीला मूळ घरी जाणाऱ्यांसाठी. वर्षभर बंद असलेलं घर उघडलंत की आधी दारं-खिडक्या उघडा, वास घ्या, नळी बघा, साबणाचं पाणी लावा, मगच शेगडी पेटवा. वास आला तर लाईटचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका, ठिणगी दोन्ही वेळा पडते. रेग्युलेटर बंद करा, सगळ्यांना अंगणात न्या आणि तिथून 1906 ला फोन लावा, हा गॅस गळतीचा इमर्जन्सी नंबर आहे, आत्ताच सेव्ह करून ठेवा.