एकदाच वाजणारं गाणं

नमस्कार श्रोतेहो.

आज मी तुमच्याशी एका गाण्याविषयी बोलणार आहे. हे गाणं चित्रपटातलं नाही, नाटकातलं नाही, भावगीतही नाही. ते एका व्हिडिओ गेममधलं आहे, आणि अख्ख्या खेळात ते एकदाच वाजतं. पुन्हा सांगते, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. एकदाच वाजतं.

खेळाचं नाव 'रेड डेड रिडेम्प्शन'. रॉकस्टार गेम्स या कंपनीने तो मे २०१० मध्ये आणला. हा मोठ्यांचा खेळ आहे, लहान मुलांच्या हातात द्यायचा नाही, एवढं आधीच सांगून ठेवते. गोष्ट आहे १९११ सालची. अमेरिकेचा पश्चिम भाग, माळरानं, गुरांचे कळप, आणि पलीकडे नदी ओलांडली की मेक्सिको, जिथे क्रांती पेटलेली आहे. गावांची नावं खेळवाल्यांनी रचलेली आहेत, पण काळ खरा. जॉन मार्स्टन नावाचा माणूस एके काळी दरोडेखोर होता, आता बायको-मुलाबरोबर शेती करून राहतो. सरकारी माणसं त्याच्या बायको-मुलाला ताब्यात घेतात आणि सांगतात, तुझ्या जुन्या साथीदारांना पकडून दे, मग तुझं घर तुला परत. म्हणजे हा माणूस सगळा खेळभर घरी जायला निघालेला आहे आणि घरापासून लांब लांब चाललेला आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता संगीताचं. चित्रपटाच्या संगीतकारापुढे प्रसंग तयार असतो. नायक कितव्या सेकंदाला वळून बघतो, हे त्याला ठाऊक असतं. अशा खेळात तसं नाही. खेळणारा मोकळा आहे. तो मोहिमेवर जाईल, नाहीतर तासभर माळावर ससे मारत हिंडेल. मग संगीत लिहायचं कशावर? बिल एल्म आणि वुडी जॅक्सन या दोघा संगीतकारांनी युक्ती केली. बरंचसं संगीत त्यांनी एकाच स्वरपट्टीत, ए मायनरमध्ये, आणि एकाच लयीत, मिनिटाला १३० ठोके, असं सुट्या सुट्या पदरांत ध्वनिमुद्रित केलं. गिटारचा पदर वेगळा, ढोलाचा वेगळा, तुतारीचा वेगळा. स्वर एक, लय एक, म्हणून कुठलाही पदर कुठल्याही पदरावर बसतो. जॉन चालत असेल तर संगीत अगदी विरळ. घोड्यावर बसला की खालून खर्जातली गिटार येऊन मिळते. गोळीबार सुरू झाला की ढोल. आपल्या कीर्तनात मृदंगवाला बुवांच्या तोंडाकडे बघत बसलेला असतो ना, बुवांनी निरूपण संपवून अभंगाचा चरण उचलला की त्याची थाप पडते, तसं. बुवा काय बोलणार हे त्याला माहीत नसतं, पण स्वर आणि लय जुळलेली असते. स्वर एक, लय एक.

आणि या सगळ्यात शांतता भरपूर. वारा, घोड्याच्या टापा, लांबवर कोल्हेकुई. हे मला फार आवडतं. आपल्याकडच्या मालिकांमध्ये सासूने नुसती मान वळवली तरी तीन वेळा ढॅण ढॅण वाजवतात. प्रेक्षकाला काय वाटायला हवं ते वाजवून सांगावं लागतं, असं त्यांना का वाटतं कोण जाणे. माझं मत आहे की ज्याला शांत राहता येत नाही त्याने पार्श्वसंगीत देऊ नये. एन्यो मोरिकोने यांनी काउबॉयच्या इटालियन चित्रपटांना संगीत दिलं, त्यात एक शीळ, एक गिटार, मध्येच चाबकाचा आवाज, आणि भोवती केवढी तरी मोकळी जागा. या खेळाचे संगीतकार त्याच वाटेने गेलेले आहेत.

तर आता मूळ गोष्टीकडे येते.

२०११ ची दिवाळी. माझा भाचा तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. सुट्टीत तो आमच्याकडे कराडला आला तो आपला प्लेस्टेशन घेऊनच. हॉलमधल्या टीव्हीला जोडला आणि रोज दुपारी खेळायला बसायचा. मी त्याच हॉलमध्ये माझी कामं करत बसायची. चार दिवसांत मला जॉन मार्स्टन चांगला माहीत झाला. त्याचा घोडा, त्याची टोपी, त्याची बायको अबिगेल, मुलगा जॅक. मी विचारायची, 'आज कुठवर आला रे तुझा जॉन?' आणि भाचा सांगायचा.

त्या दुपारी मी मेथी निवडत होते. पडद्यावर जॉन आणि एक आयरिश माणूस तराफ्यावरून नदी ओलांडत होते आणि दोन्ही काठांवरून त्यांच्यावर गोळ्या चालल्या होत्या. इतका आवाज की मी म्हटलं, 'अरे, शेजारच्या काकू दुपारच्या पडलेल्या असतात, जरा हळू कर.' त्याने आवाज कमी केला. तराफा पलीकडे लागला. गोळीबार थांबला. आयरिश माणूस निरोप घेऊन गेला. जॉन एकटा घोड्यावर बसला.

आणि गिटार सुरू झाली.

एकच गिटार, बोटांनी छेडलेली. मग एका पुरुषाचा आवाज, मऊ, जवळून आल्यासारखा. चार दिवस मी तो खेळ ऐकत होते, श्रोतेहो, त्यात एकदाही कुणाचा गाणारा आवाज असा वर आला नव्हता. मी विचारलं, 'रेडिओ लावलास का?' भाचा म्हणाला, 'नाही गं मावशी, गेममध्येच आहे.' त्यालाही नवल वाटत होतं. त्याने घोडा पळवायचा सोडून चालवायला लावला. समोर मेक्सिकोचं उघडं रान, तांबडी माती, लांब डोंगर. माझ्या हातात मेथीची जुडी तशीच.

एक कडवं झालं असेल, आणि लाईट गेली.

तेव्हा भारनियमन होतं, तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. ठरलेल्या वेळी जायची ती वेगळीच, पण त्या दिवशी न ठरलेल्या वेळी गेली. टीव्ही काळा, पंखा थांबला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो.

दीड तासाने लाईट आली. भाच्याने खेळ चालू केला. जॉन मेक्सिकोत उभा होता, घोडा शेजारी होता. तो बसला, घोडा चालू लागला. टापा ऐकू आल्या, वारा ऐकू आला. गाणं नाही. आम्ही अर्धा तास वाट पाहिली. मी म्हटलं, 'अरे, लाव ना ते गाणं पुन्हा.' तो म्हणाला, 'मावशी, ते लावता येत नाही.'

ते लावता येत नाही. श्रोतेहो, हे वाक्य मी लहानपणी माझ्या वडिलांकडून ऐकलं होतं. रेडिओवर एखादं गाणं लागायचं, अर्ध्यात रेडिओचे सेल उतरायचे, आवाज खोल जायचा, आणि मी म्हणायची, 'बाबा, लावा ना परत.' ते म्हणायचे, 'बाळ, रेडिओला लावता येत नाही. तो लावेल तेव्हा.' मग फर्माईशीचं पोस्टकार्ड टाकायचं आणि आठवडे मोजायचे. आज फोनमध्ये बोट टेकवलं की हवं ते गाणं हजर. सोय आहे, मीही वापरते. पण वाट बघून ऐकलेल्या गाण्याला कान वेगळे लागतात, हे मी पैजेवर सांगेन.

रात्री भाच्याने त्याच्या पुण्याच्या मित्राला फोन केला. मित्राने सांगितलं, हो, मेक्सिकोत पहिल्यांदा शिरताना ते गाणं येतं, तेवढंच. नंतर नाही. मी विचारलं, 'मग मागे जाता येईल का?' भाच्याकडे दोन दिवसांपूर्वीचं एक सेव्ह होतं, म्हणजे खेळ तेव्हा जिथवर आला होता तिथली जपून ठेवलेली नोंद. त्यावरून सुरू करायचं तर दोन दिवसांचा खेळ पुन्हा खेळावा लागणार होता. किल्ल्यावरचा हल्ला, गाडीवर बसवलेली गॅटलिंग तोफ, सगळं पुन्हा. मला वाटलं, तो नाही म्हणेल. तो म्हणाला, 'खेळू.'

मग आमची तयारी सुरू झाली. वर्तमानपत्रातलं भारनियमनाचं वेळापत्रक मी कापून टीव्हीशेजारी चिकटवलं. नदी दुपारी ओलांडायची नाही, रात्री नऊनंतरच, हे ठरलं. दोन दिवस तो खेळला, आणि दुसऱ्या दिवशी रात्री जेवणं उरकून आम्ही बसलो. माझी ताई, म्हणजे त्याची आई, आली होती. शेजारच्या काकूंनाही मी बोलावलं. त्या वयाने सत्तरीच्या पुढे, आयुष्यभर भजनी मंडळात गायलेल्या, इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. मी म्हटलं, 'काकू, एकच गाणं आहे, एकदाच वाजणार आहे.' त्या शाल पांघरून येऊन बसल्या.

तराफा. गोळीबार. पलीकडचा काठ. आयरिश माणसाचा निरोप. भाचा म्हणाला, 'आता कुणी काही बोलू नका,' आणि जॉन घोड्यावर बसला.

गिटार आली. आवाज आला. त्याने घोडा अगदी हळू, वाटेवरूनच चालवला. उतरला नाही, बंदुकीला हात लावला नाही. गाणं पहिल्या कडव्याच्या पुढे गेलं, दुसऱ्यात गेलं. मी एक डोळा पंख्यावर ठेवून होते. पंखा फिरत राहिला.

मध्येच काकूंनी हळूच विचारलं, 'हा घरी चाललाय का?'

भाचा म्हणाला, 'नाही काकू, घरापासून लांब चाललाय.'

काकू म्हणाल्या, 'मग बरोबर आहे.'

त्या गाण्याचं नावच आहे 'फार अवे', म्हणजे दूरवर. काकूंना ते कुणी सांगितलं नव्हतं.

गाणं संपलं. पुन्हा टापा, पुन्हा वारा. कुणी बोललं नाही.

आता एक माझी जुनी तक्रार. गाण्याआधी गायक, गीतकार, संगीतकार यांची नावं सांगायलाच हवीत. हल्ली निवेदक ती गाळतात, गप्पा मारतात आणि गाणं सोडून देतात. ज्याने चाल बांधली त्याचं नाव घ्यायला पाच सेकंद लागतात हो. खेळात तर गाणं निनावीच येतं. भाच्याने शोधून नाव काढलं, होसे गोन्झालेस. स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये जन्मलेला. त्याचे आईवडील अर्जेंटिनाचे, १९७६ च्या लष्करी राजवटीच्या वेळी देश सोडून स्वीडनला आलेले. घरापासून दूर गेलेल्यांच्या पोटी जन्मलेला मुलगा. खेळवाल्यांनी त्याला का निवडलं मला ठाऊक नाही, पण हे कळलं तेव्हा मला काकूंचं 'मग बरोबर आहे' आठवलं.

माझ्याकडे एक वही आहे. शाळेत असल्यापासून रेडिओवर ऐकलेली आवडती गाणी मी तिच्यात लिहीत आले. रकाने आखलेले आहेत: गाणं, गायक, संगीतकार, चित्रपट. त्या रात्री मी 'फार अवे' लिहिलं, गायकाचं नाव लिहिलं, आणि चित्रपटाच्या रकान्यात काय लिहावं कळेना. शेवटी लिहिलं, 'घोड्यावरून, मेक्सिको'.

वेळ थोडा उरला आहे, म्हणून या खेळाच्या दुसऱ्या भागाविषयी थोडक्यात. तो ऑक्टोबर २०१८ मध्ये आला. गोष्ट मात्र आधीची, १८९९ ची. नायक आर्थर मॉर्गन. जॉन ज्या दरोडेखोरांच्या टोळीत होता त्याच टोळीतला, त्याचा थोरला साथीदार. टोळीतला एकजण सावकारी करतो आणि आर्थर वसुलीला जातो. एका आजारी कर्जदाराला मारतो, आणि तो माणूस त्याच्या तोंडावर खोकतो. पुढे आर्थरला क्षय होतो. क्षयाचा जंतू जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये शोधला होता, पण औषध यायला १९४० चं दशक उजाडलं. १८९९ मधला आर्थर मरणार, हे त्याला कळतं आणि खेळणाऱ्यालाही. या खेळात टोळीचे लोक रात्री शेकोटीभोवती गातात, कुणी बँजो घेतं, कुणी गिटार. गुराखी खरोखरच असे गात. रात्री गुरं बुजू नयेत म्हणून कळपाभोवती घोड्यावरून फिरत गात राहायचे. टोळी फुटत जाते तसं शेकोटीभोवतीचं हे गाणं ओसरत जातं. आणि मग एका ठिकाणी, ग्वार्मा नावाच्या बेटावरून आर्थर कसाबसा जीव वाचवून परत येतो, उरलेल्यांना शोधायला घोड्यावर निघतो, तिथे पुन्हा तेच. पूर्ण गाणं. अमेरिकन गायक डी'अँजेलोचा आवाज, गाणं 'अनशेकन'.

हे मी कसं ऐकलं ते सांगते. भाचा आता पुण्यात नोकरी करतो. २०१९ मध्ये एकदा त्याचा फोन आला, 'मावशी, मी पुढच्या महिन्यात येतोय.' आला तो प्लेस्टेशन घेऊन. जेवल्यावर जोडला, आणि मला म्हणाला, 'बस जरा.' मग कळलं की ग्वार्माच्या शेवटच्या मिशनपाशी त्याने खेळ थांबवून ठेवला होता. पुढे काय येतं ते त्याला मित्राने एवढंच सांगितलं होतं, 'नदीसारखं आहे.' तीन आठवडे त्याने खेळाला हात लावला नव्हता.

काकू तेव्हा नव्हत्या. त्यांची खुर्ची आम्ही तिथेच ठेवली होती. भाच्याने ते मिशन पार केलं, आर्थर किनाऱ्याला लागला, घोडा मिळाला. गाणं सुरू झाल्यावर भाच्याने घोडा हळू केला.

वहीत मी दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिलं. 'अनशेकन', डी'अँजेलो. चित्रपटाच्या रकान्यात: 'घोड्यावरून, परतताना'.

नमस्कार.