पेटीच्या तळाशी काय घालायचं?

साप-सरडे पाळायला घेणारा माणूस आधी दिवा आणतो, मग तापमापी. तळाचा विचार सगळ्यात शेवटी. नव्या किंवा आजारी जनावराखाली कागदच बरा. विष्ठा दिसते, बदलायलाही सोपा. पण उकरून राहणाऱ्या प्राण्याला कायम कागदावर ठेवणं मला पटत नाही. अंडी घालायच्या बेतात असलेल्या मादीला ओलसर, खोल माती मिळाली नाही, तर अंडी पोटातच अडकून तिच्या जिवावर बेतू शकतं.

तेव्हा माती घालाच. मात्र नैसर्गिक म्हणजे निर्धोक, असं समजू नका. सीडरचा (देवदारासारख्या सुवासिक लाकडाचा) भुसा नैसर्गिकच असतो, पण त्यातली उग्र तेलं बंद पेटीत श्वासनलिकेला त्रास देतात. अगदी बारीक, धुरळा उडवणारी वाळूही नको. साप-सरड्यांना आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा, नसतं, त्यामुळे आत गेलेलं खोकून काढणं त्यांना जमत नाही. आणि ती रंगीत कॅल्शियमची वाळू, ‘पोटात गेली तरी पचते’ म्हणून विकतात ती? दुकानातच राहू द्या.

आतडं तुंबलं की सगळे वाळूला दोष देतात. वाळू अगदीच निर्दोष नाही, पण आधी तापमान तपासा. या प्राण्यांचं पचन बाहेरच्या उष्णतेवर चालतं. पेटी थंड असेल, प्राण्याला पाणी किंवा कॅल्शियम कमी पडत असेल, तर घासाबरोबर गेलेली चिमूटभर मातीही अडून बसते.

कोरड्या प्रदेशातल्या प्राण्यांसाठी साधारण ७० टक्के माती आणि ३० टक्के धुतलेली वाळू चालते. दमट जंगलातल्यांना वाळू कमी, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि पालापाचोळा जास्त. माती खत, कीटकनाशक आणि परलाइट (कुंडीच्या मातीत घालतात ते हलके पांढरे दाणे) नसलेली हवी. बाहेरून आणणार असाल तर फवारणीची शेतं आणि रस्त्याची कड टाळा. जिथे रानटी पाली-सरडे वावरतात तिथलीही नको, त्यांचे जंत सोबत येतात.

बाहेरची माती तापवून घ्यावी लागते. ती थोडी ओली करून ट्रेमध्ये पसरा, झाकण घाला आणि आतपर्यंत सुमारे ८२ अंश सेल्सिअस पोचल्यावर ३० मिनिटं ठेवा. तापमापी मातीच्या मध्यभागी खुपसा, ओव्हनच्या आकड्यावर विसंबू नका. वाळकी पानं उकळून घ्या. ब्लीच शिंपडून भागवू नका. क्रिप्टोस्पोरिडियमसारखा परजीवी ब्लीचला दाद देत नाही.

आता गंमत अशी, की तापवलेल्या मातीत कुणीच उरत नाही, आणि रिकाम्या जागेवर पहिला हक्क सांगते ती बुरशी. म्हणून दमट पेटीत माती थंड झाल्यावर स्प्रिंगटेल आणि आयसोपॉड मुद्दाम सोडायचे. हे चिमुकले जीव बुरशी, कुजकी पानं आणि विष्ठेचे कण खातात. कोरड्या पेटीत ते तग धरत नाहीत. तिथे सफाई तुमच्याच गळ्यात.

ओल किती? मूठभर माती दाबा. गोळा व्हावा, पाणी गळू नये. वरचा थर कोरडा आणि खालचा ओलसर ठेवायचा असेल, तर पाणी कोपऱ्यातून ओता, वरून फवारू नका. पोट सतत ओल्या मातीला टेकलं की खवले सडू लागतात.

‘माती कधी बदलायची?’ असं मघाशी कुणीतरी विचारलंत. विष्ठा दिसेल तेव्हा आजूबाजूच्या मातीसकट उचला आणि नंतर हात साबणाने धुवा, कारण धडधाकट सरडाही साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जंतू बाळगून असू शकतो. आंबूस वास आला, माइट नावाचे बारीक परजीवी दिसले किंवा प्राणी संसर्गाने आजारी पडला, तर मात्र सगळी माती फेकायची. पुन्हा तापवून वापरण्याची काटकसर तिथे नको.