फरारी कोणाला म्हणायचं?

24 जुलै 1943. सांगलीच्या तुरुंगातून वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथी भरदिवसा निसटले. तटावरून खंदकात उड्या टाकल्या आणि धावत सुटले. मागून गोळीबार झाला. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हुतात्मा झाले. दादांच्या खांद्याला गोळी लागली, ते पुन्हा पकडले गेले.

सरकारदरबारी हे सगळे फरारी कैदी. त्याच काळात क्रांतिसिंह नाना पाटील साताऱ्याच्या गावागावांत वावरत होते. पोलिसांच्या लेखी तेही फरारी. पण ज्या घरांनी त्यांना भाकरी दिली, लपायला जागा दिली, त्या घरांत शब्द होता ‘भूमिगत’. ‘फरारी’ म्हटलं की ज्याच्यापासून माणूस पळतोय, त्याची बाजू न्यायाची असं आपण गृहीत धरतो. साताऱ्यातल्या लोकांनी ते गृहीत धरायला नकार दिला.

‘फरार’ हा मूळचा अरबी शब्द, फारसीच्या वाटेने मराठीत आला. अर्थ साधा, पळून जाणं. आरोपी फरार होतो, आणि जो पळाला तो फरारी. तडीपार वेगळा: त्याला पोलीस किंवा दंडाधिकाऱ्यांच्या आदेशानेच हद्दीबाहेर काढलेलं असतं. बातम्यांत या दोघांची गल्लत होते, ती होता कामा नये.

आजही गुन्हा दाखल झाल्याच्या संध्याकाळीच ‘आरोपी फरार’ अशी पट्टी टीव्हीवर फिरू लागते. कायदा इतकी घाई करत नाही. आधी वॉरंट निघतं. माणूस लपलाय अशी न्यायालयाची खात्री पटली, तर उद्घोषणा होते. ती त्याच्या गावात चारचौघांत वाचून दाखवायची, घराच्या दर्शनी भागावर डकवायची, न्यायालयातही लावायची. हजर व्हायला किमान 30 दिवस द्यायचे. मालमत्तेवर जप्तीही येऊ शकते. शंभर कोटी किंवा त्याहून मोठ्या आर्थिक गुन्ह्यांसाठी 2018 चा वेगळा कायदा आहे. त्याखाली मुंबईच्या विशेष न्यायालयाने 5 जानेवारी 2019 रोजी विजय मल्ल्या यांना फरार आर्थिक गुन्हेगार घोषित केलं.

1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, लागू झाली. गंभीर गुन्ह्यातला घोषित फरारी सापडतच नसेल, तर आता त्याच्या गैरहजेरीतही खटला चालवता येतो. त्याचा वकील नसेल, तर सरकारी खर्चाने दिला जातो. निकालाविरुद्ध अपील करायचं, तर मात्र त्याला स्वतः न्यायालयापुढे हजर व्हावं लागतं.